पाठीवरचं कोरं वर्तुळ

क्योतो, १४ मे

प्रिय आजी,

डोंगर कोवळ्या पालवीनं भरून गेले आहेत आणि तुझी तब्येत ठणठणीत असेल अशी आशा आहे. (हे वाक्य सेइगोमामांसाठी. पत्र ऋतूपासून सुरू झालं नाही तर ते पुढचं तुला नीट वाचून दाखवत नाहीत. आणि फोन तू कानाला उलटा धरतेस, म्हणून पत्रच.)

बातमी अशी की डिसेंबरात माझं प्रदर्शन आहे. माझं! इतकी वर्षं मी गुरुजींच्या कारखान्यात दुसऱ्यांच्या घराण्यांची कुलचिन्हं काळ्या किमोनोंवर नखाएवढी रंगवत आले. आता किमोनो भाड्यानं मिळतात आणि त्यावरची चिन्हंही भाड्याची असतात. गुरुजी म्हणाले, "चिन्हांनी आता कापडावरून उतरून भिंतीवर चढलं पाहिजे, नाहीतर आपण कंपास गुंडाळून ठेवू. सुरुवात आपल्या घरापासून कर."

म्हणून आपली ससाण्याची दोन पिसं घेतली. फोटो पाठवते आहे. कापड दाराएवढं उंच आहे. पिसांभोवतीचं कडं मी एका बाजूनं उघडलं आहे, पिसं त्यातून बाहेर झेपावतात. इथे सगळ्यांना आवडलं.

पण प्रदर्शनाच्या मधोमध मला तुझा काळा किमोनो हवा आहे, लग्नकार्यात नेसतेस तो. त्यावरचं चिन्ह मी नव्यानं करीन. नोव्हेंबरात सेइगोमामांच्या नातवाच्या, कोहेईच्या लग्नात तू तो नेस, मग तो भिंतीवर जाईल. न नेसलेला किमोनो मी टांगणार नाही, हे मी प्रदर्शनाच्या दालनाच्या बाईंना आधीच सांगून ठेवलंय.

पाठवशील ना?

तुझी चिगुसा

*

शोदोशिमा, २३ मे

चिगुसा,

पालवी दरवर्षीच फुटते, त्यात लिहिण्यासारखं काय आहे मला कळत नाही. पण सेइगो म्हणतो, उत्तरातही पालवी लागते. तर इथेही फुटली आहे. झाली पालवी.

फोटो पाहिला. अक्षर मला येत नसलं तरी फोटो कुणी वाचून दाखवावा लागत नाही. पिसं छान आहेत. कडं उघडलंस ते तर फारच छान. सेइगो दुपारी जेवून चटईवर आडवा झाला की त्याचं तोंड अगदी असंच दिसतं.

(काकूंच्या आग्रहाखातर हे शब्दशः लिहीत आहे. — सेइगो)

त्याला मात्र फोटो बघून घाम फुटला. "काकू, हिनं कडं फोडलं!" म्हणे. मी म्हटलं, "सांडलं का काही त्यातून?" तर मला शाळा शिकवायला लागला. निवृत्त झाला तरी मास्तर तो मास्तरच. थोरल्या घराची पिसं मोकळी असतात. धाकटं घर वेगळं निघालं की पिसांभोवती कडं घालून घेतं, ती मर्यादा. आता धाकट्या घरच्या पोरीनं कडं उघडलं म्हणजे ती थोरल्या घराच्या बरोबरीनं बसायला निघाली! मी म्हटलं, "बसू दे की. जागा आहे तुमच्याकडे भरपूर, माणसं कुठे आहेत?"

(थोरल्या घराचा कर्ता म्हणून मी या चित्राला स्पष्ट हरकत नोंदवतो. — सेइगो)

नोंदव बाबा. आता किमोनोचं ऐक. तुला वाटतं त्याच्यावर चिन्ह आहे. नाहीये. पाच जागी पाच पांढरी वर्तुळं आहेत नुसती, रंगाऱ्यानं चिन्ह भरण्यासाठी सोडलेली. ती कोरीच राहिली.

माझ्या नणंदेच्या लग्नासाठी तुझ्या आजोबांनी ते कापड आणलं होतं. सासूबाई म्हणाल्या, पिसं भरून घे. मी म्हटलं, आपल्या बेटावर बाई आईचं चिन्ह लावते, सासरचं नाही. तुम्हीही तुमच्या आईचंच लावलंय. त्यावर सासूबाई इतक्या गोड हसल्या! म्हणाल्या, "खरंच की. मग लाव तुझ्या आईचं. काय होतं गं तुझ्या आईचं चिन्ह?"

माझी आई लोकांची पोरं पाठीवर घेऊन फिरायची. तिला कसलं चिन्ह! पण मी पिसंही भरली नाहीत.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात मी कागदी पिसं चिकटवते. सेइगोच्या मुलीच्या लग्नात उकडत होतं, वाढताना बाहीवरचं एक सुटलं आणि नगराध्यक्षांच्या सूपमध्ये पडलं. त्यांना वाटलं, माशाच्या वडीचा नक्षीदार काप आहे. त्यांनी चावून खाल्लं आणि छान झालंय म्हणाले. आपलं घराणं पोटात घेऊन फिरणारा तेवढा एकच माणूस या बेटावर.

किमोनो पाठवते. पण त्यावर काय करायचं ते मला विचारल्याशिवाय करायचं नाही.

आजी

*

क्योतो, ९ जून

आजी,

पावसाळी हवा आहे, गुडघे सांभाळ. (ऋतू झाला, मामा.)

किमोनो मिळाला. मी तो उलगडला आणि कारखान्यात सगळे हातातलं काम सोडून भोवती जमले. इतकी जुनी, इतकी स्वच्छ पांढरी वर्तुळं गुरुजींनीही पाहिली नव्हती. मग त्यांनी चिन्हांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि मला दाखवलं: आजी, नुसतं गोल हेही एक खरंखुरं कुलचिन्ह आहे! त्याचं नाव 'तांदळाचा लाडू'. जुन्या काळी सरदार लोक लावायचे. तुझ्या सासूबाईंना हे माहीत असतं तर!

म्हणजे तुझ्याकडे चिन्ह नव्हतं असं नाहीच. तू इतकी वर्षं सरदारांचं चिन्ह अंगावर वागवत होतीस आणि वर कागद चिकटवत होतीस.

तर माझं ठरलंय. काहीही भरायचं नाही. किमोनो आहे तसाच टांगायचा, पाच कोरी वर्तुळं. दालनाच्या बाईंनी ऐकलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, "या रितेपणात सगळं आहे." आजच्या कलेत याहून सुंदर काही असूच शकत नाही, असं त्या म्हणाल्या. मलाही तसंच वाटतं.

मामा, पिसांबद्दल तुम्ही रागावलात ते समजलं. पण कडं मी बंद करणार नाही.

चिगुसा

*

शोदोशिमा, १७ जून

चिगुसा,

पाऊस आहे. गुडघे जागेवर आहेत.

त्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि विचार, कोरं वर्तुळ लावून त्या कधी लग्नाच्या पंगतीत बसल्या आहेत का. मी बसले आहे, नणंदेच्या लग्नात, कागदी पिसं सुचायच्या आधी. मुलाकडच्या बायका आधी तुझा चेहरा बघत नाहीत, छाती बघतात. मग एकमेकींकडे बघतात. मग तुला आपणहून आणखी भात वाढतात, कारण त्यांना वाटतं स्वयंपाकघरातली बाई चुकून बाहेर येऊन बसली.

तुमच्या त्या रितेपणात सगळं असेल. माझ्या रितेपणात काही नव्हतं गं, ते नुसतं रिकामं होतं. भिंतीवर ते सुंदर दिसेल, कारण भिंतीला कुणी विचारत नाही, "काय गं तुझ्या आईचं चिन्ह?"

आणि सरदारांचा लाडू सरदारांना. मी आयुष्यभर शेवया ओढल्या आहेत, लाडू वळले नाहीत.

माझं आता वय झालं. या लग्नानंतर मी कुणाच्या लग्नात उभी राहीन असं वाटत नाही. तेव्हा तुझं प्रदर्शन राहिलं बाजूला. कोहेईच्या लग्नाचा फोटो काढतील, त्यात मी पहिल्या रांगेत बसणार, आणि माझ्या अंगावर माझं चिन्ह असणार. कागदाचं नाही, पिसांचं नाही, लाडवाचं नाही. आईकडून लेकीला गेलेलं. ते कसलं असेल मला अजून माहीत नाही. पण तू तेच शिकली आहेस ना? मग कर. नाहीतर मी घरच्या कपड्यात येईन आणि सगळ्यांना सांगेन की माझी नात क्योतोत

(इथे मी लेखणी खाली ठेवत आहे. लग्न माझ्या नातवाचं आहे. पहिल्या रांगेत आमच्या घराण्याच्या चिन्हाखेरीज उद्या मनात येईल ते चिन्ह लावलेलं मला चालणार नाही. चिन्हं पूर्वजांकडून येतात, कारखान्यातून नव्हे. हे काकूंना तोंडावर सांगितलं आहे आणि यापुढे या विषयावरचं एकही पत्र मी लिहून देणार नाही. — सेइगो)

*

क्योतो, २ जुलै

आजी,

अर्धंच पत्र मिळालं. नात क्योतोत काय? सांग तरी.

हे पत्र तुला कोण वाचून दाखवतंय ठाऊक नाही. मामा असतील तर: मामा, पहिलं चिन्हसुद्धा कुणीतरी एका दिवशी काढलंच असेल ना? आकाशातून पिसं पडली आणि किमोनोला चिकटली असं नसेल.

तू रागावलीस ते बरोबर. मी दालनाच्या बाईंना जाऊन सांगितलं की किमोनो कोरा राहणार नाही. त्या म्हणाल्या, मग मधली जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल कदाचित. मी म्हटलं द्या, मी कोपऱ्यात टांगीन.

काही आराखडे पाठवते. एकात शेवया ओढायच्या दोन काठ्या आहेत. एकात ऑलिव्हची फांदी. एकात लाट. तुला कुठलं आपलं वाटतं? तुझ्या आईकडून तुझ्याकडे आलेली एखादी वस्तू आहे का? काहीही चालेल. फणी, वाटी, काही.

चिगुसा

*

शोदोशिमा, १८ ऑगस्ट

चिगुसा,

मी टोफूवाली किनुए लिहिते आहे. तुझी आजी सांगते तसं लिहिते. अक्षराला हसू नकोस, कागद टोफूच्या पुडीचा आहे.

आजी म्हणते: पितरांचे दिवस होते, थोरल्या घरी दिवे लावायला गेले होते. सेइगोनं चहा दिला, पण बोलला नाही. मीही बोलले नाही. आमचं छान जमलं.

तुझे आराखडे बघितले. काठ्या जेवायच्या दिसतात, लोकांना वाटेल ही बाई खादाड होती. (होतीच, असं मी म्हणते. — किनुए) ऑलिव्ह मुळात परदेशातून आलेलं झाड, माझ्यानंतर आलंय म्हटलं तरी चालेल. आणि लाट! लाट बघून मला उलटी होते, बोटीत बस माझ्याबरोबर एकदा.

आईकडून आलेलं विचारलंस. फणी नाही, वाटी नाही. एक पट्टा आहे. मूल पाठीला बांधायचा, सुती, निळा होता, आता कसला आहे देव जाणे. आई त्यानं लोकांची पोरं बांधायची. मी आठ वर्षांची झाले तशी तिनं तो माझ्या खांद्यावरून टाकला, छातीवर फुली केली, गाठ मारली आणि मला थोरल्या घरी पोर सांभाळायला पाठवलं. पुढे तुझी आई त्यातच वाढली. तीही गेली आणि तू राहिलीस, तेव्हा तूही त्यातच. शेवया वाळत घालताना तू मागून केस ओढायचीस.

आता किनुएला सांगते, हे लिही पण गावभर करू नकोस. (मी कशाला करीन! — किनुए) थोरल्या घरचं ते पोर म्हणजे आपला सेइगो. मी त्याला घेऊन शाळेच्या खिडकीशी उभी राहायचे. आत पोरं अक्षरं म्हणायची. फळा भरत आला की हा मागून भोकाड पसरायचा आणि बाई खिडकी लावून घ्यायच्या. म्हणून मला पहिली काही अक्षरं ओठांवर येतात आणि पुढची येत नाहीत.

त्यात त्याचा काय दोष? दात येत होते त्याला. गंमत एवढीच की अक्षरं सगळी त्यानं घेतली, म्हणून मी त्याच्याकडून वसूल करते आहे, एकेक पत्र. त्याला हे ठाऊक नाही. सांगूही नकोस. आधीच मोठा शिष्ट, त्यात बिचारा झाला तर सोसवायचं नाही.

तर बघ, त्या पट्ट्याचं काही होतं का.

आजी (आणि किनुए)

*

क्योतो, ३० ऑगस्ट

आजी! आणि किनुएमावशी!

मिळालं. हेच ते. वाचल्यापासून मी धड जेवलेली नाही.

कापडाचा पट्टा कंपासाचं ऐकत नाही. आमच्याकडे सगळं बांबूच्या कंपासनं काढायचं असतं. पानाचं टोकसुद्धा दोन वर्तुळं जिथे छेदतात तिथलं. सैल लोंबणारी गाठ कशी काढायची? मी कारखान्यातली कापडी पट्टी पाठीला बांधून आरशासमोर उभी राहिले, गुरुजींचं मांजर पाठीवर घेतलं आणि काढत राहिले. मांजरानं ओरबाडलं. पण छातीवरची फुली जमली. आणि पट्ट्याची दोन टोकं खाली जाऊन वळून परत वर येतात, तेच कडं होतं! वेगळं कडं घालायलाच नको. आराखडा सोबत आहे.

गुरुजींनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे पुस्तकात नाही." मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "पुढच्या पुस्तकात घालायला हवं."

सेइगोमामांना मी काही सांगणार नाही, शपथ. पण ते तुझ्या पाठीवर रडत होते आणि तू खिडकीशी अक्षरं वेचत होतीस, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आणि तेच आता म्हणतात चिन्हं पूर्वजांकडून येतात! या चिन्हात ते स्वतः बांधलेले आहेत.

चिगुसा

*

शोदोशिमा, १० सप्टेंबर

चि. चिगुसा हिस,

शरदाची चाहूल लागली असून रात्री रातकिड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला आहे. तुझं कुशल असावं.

तुझं ३० ऑगस्टचं पत्र पोस्टमननं नेहमीप्रमाणे माझ्याकडे दिलं. मी ते काकूंना वाचून दाखवलं. काहीही गाळलं नाही.

पट्ट्याची प्रत्यक्ष तपासणी केली. तो टपालानं पाठवीत आहे. कामाला उपयोगी पडेल. वीण साधी, रंग मूळचा नीळ. खांद्याकडचा भाग झिजून तलम झाला आहे. एका टोकाला अज्ञात कारणाचा जुना डाग आहे.

कुलचिन्हांविषयी माझं मत बदललेलं नाही. ससाण्याच्या पिसांभोवतीचं कडं बंद असावं. मात्र काकूंच्या चिन्हाचा पिसांशी संबंध नसल्यानं त्याविषयी मत देण्याचा मला अधिकार नाही, असं विचारांती वाटतं.

पट्टा धुवू नये.

सेइगो

*

शोदोशिमा, २१ सप्टेंबर

चिगुसा,

अज्ञात कारणाचा डाग म्हणे! कारण मला चांगलं ठाऊक आहे. ते समोर बसून हे पत्र लिहितंय.

(लिहिलं. — सेइगो)

तू शपथ घेऊन त्याच्याच हातात पत्र दिलंस. तुझी आई पण अशीच होती, गुपित सांगायची ते दारात उभी राहून. असो. पत्र घेऊन आला, ताठ बसला आणि वाचायला लागला. मला वाटलं, त्या ओळी आल्या की खोकेल आणि पान उलटेल. नाही उलटलं. वाचलं सगळं, बातम्या वाचतात तसं. मग चष्मा पुसला. मग म्हणाला, "पट्टा कुठे आहे?" मी कपाट दाखवलं. घेऊन गेला. माझ्याशी भांडायचं विसरूनच गेला त्या दिवशी, मला चुकल्यासारखं झालं.

आता तुझं चिन्ह. मोठं काम केलंस, पोरी. पण मला मारलंस कशाला? फुली नीट बघ. उजवा पट्टा वर घातला आहेस. उजवं वर मेलेल्या माणसाला नेसवतात. आरशात बघून काढलंस ना, तिथेच घोळ झाला. आरशातल्या बाईला गुंडाळलंस आणि बाहेरचीला तिरडीवर चढवलंस. डावा वर घे. मला लग्नाचं जेवण जेवायचं आहे अजून.

कड्याचं ठीक. सेइगो म्हणतो, बंद आहे, छान आहे. मी म्हणते, कडं नाहीच, पट्टा आहे, छान आहे. दोघं जिंकलो.

आणि एक. पाच जागांपैकी चारच भर. छातीवर दोन आणि बाह्यांवर दोन. पाठीवरचं कोरं ठेव.

हो, मीच म्हणाले होते कोरं नको. मी आता दुसरं सांगते आहे, आणि हे रिकामं नाही. पट्टा पुढून दिसतो. मागून काय दिसायचं? मी त्याला घेऊन चालले की मागून लोकांना एक वाटोळं पांढरं डोकं दिसायचं, तासलेलं. मागून हाका मारायचे, "काय गं तोमे, चंद्र कुठे घेऊन चाललीस?" तुझ्या आईचंही तसंच, तुझंही. पण पहिलं ह्याचं.

तेव्हाही टक्कल होतं, आताही आहे. मधे काही वर्षं केस होते, ते धरायचे नाहीत.

(काही लिहायचं नाही. — सेइगो)

आजी

*

क्योतो, ३० ऑक्टोबर

आजी,

मेपल लाल झाले आहेत आणि किमोनो तयार आहे. सोबत पाठवते.

डावा पट्टा वर घेतला आहे. गाठीची टोकं मला पाहिजे तशी सैल पडेपर्यंत मी पुन्हा पुन्हा काढत राहिले. खांद्याशी झिजलेली जागा दाखवायला तिथे शाईची रेघ केसाएवढी बारीक केली आहे. कुणाला दिसणार नाही, तुला बोटाला लागेल. पाठीवरचं वर्तुळ मी फक्त धुऊन स्वच्छ केलं.

दालनाच्या बाई आल्या होत्या. किमोनो मागच्या बाजूनं टांगतात, म्हणजे आधी कोरं वर्तुळच दिसणार. त्या म्हणाल्या, "शेवटी रितेपणच ठेवलंत ना!" मी म्हटलं, "रिकामं नाही ते, तिथे माणूस आहे." त्यांना कळलं नाही, पण मधली जागा माझीच राहिली. लग्नाच्या दिवशीच त्या दालन रंगवून मोकळं देणार आहेत, बाकीची कामं मला तेव्हाच टांगावी लागतील. तेव्हा मी येऊ शकत नाही. कोहेईला सांग, रागावू नको. तू पहिल्या रांगेत बस. मान ताठ.

पिसांचं कडं उघडंच आहे, मामा. पटत नसेल तर येऊन भांडा.

चिगुसा

*

शोदोशिमा, २० नोव्हेंबर

चिगुसा,

थंडी पडली. शेवया वाळायला चांगली हवा आहे.

लग्न झालं. नवरी उंच आहे, कोहेई बुटका आहे, फोटोग्राफरनं त्याला पाटावर उभं केलं आणि सगळ्यांनी पाहिलं. जेवण चांगलं होतं. सूपमध्ये काही पडलं नाही.

नवरीकडच्या बायकांनी बघितलंच. एक जाडशी मावशी जवळ येऊन वाकून बघायला लागली. म्हणाली, "हे चिन्ह कधी पाहिलं नाही बाई. कुठल्या घराण्याचं?" मी म्हटलं, "आईचं." "आणि आईला कुठून मिळालं?" "तिच्या आईचं असेल. आम्ही विचारलं नाही, बांधलं." ती म्हणाली, "जुनं दिसतंय." मी म्हटलं, "झिजलंय, हात लावून बघा." तिनं बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं. मी बरं का, ताठ बसले होते. इतकी ताठ की रात्री कंबरेला लेप लावावा लागला.

मग फोटोसाठी उठलो. तर मागून तीच मावशी कुजबुजली, पण तिची कुजबुज म्हणजे बोटीचा भोंगा. "अहो आजी, तुमचं पाठीवरचं चिन्ह गळून पडलंय! कागदी होतं का?" सगळा दिवाणखाना वळून बघायला लागला. किनुए हसायला लागली. इतकं सगळं कसं सांगणार, फोटोवाला तर थांबा थांबा म्हणत होता.

तेवढ्यात सेइगो. माझ्या मागच्याच रांगेत होता, छातीवर पिसं, हातात पंखा, कर्ता माणूस. एक पाऊल पुढे आला आणि माझ्या पाठीशी उभा राहिला. मी वळून बघितलं नाही. आवाज ऐकला फक्त. शाळेत हजेरी घ्यायचा ना, तसला.

काय म्हणालास सेइगो? लिही.

लेखणी थांबली आहे. मला अक्षर येत नाही, पण लेखणी थांबलेली कानाला कळते, माझी सगळी शाळा खिडकीबाहेर ऐकण्यातच झाली. लिही. तिथे सगळ्यांसमोर बोललास, आता कागदाला काय लाजतोस? मी सांगू का? नाही, तूच लिही. तुझ्या अक्षरात.

(मी म्हणालो: "ते पडलेलं नाही. तिथे मी आहे.")

वाच.

(वाचलं, काकू.)

हं. आता खाली लिही, डिसेंबरात सेइगो बोटीनं येतो आहे, कड्याबद्दल भांडायला. माझंही तिकीट त्यानंच काढलंय. उलटी झाली तर त्याच्या पाठीवर होईल. फिट्टंफाट.

आजी